पॉश, उच्चभ्रू आणि क्रीमी लेयर

प्रश्न : मुलीच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी नॉन-क्रीमी लेयर दाखला काढायला सेतू कार्यालयात गेलो होतो. रांगेतल्या एका गृहस्थांनी विचारलं, ‘हे क्रीमी लेयर म्हणजे नक्की काय हो?’ मला नीट सांगता आलं नाही. नंतर मनात आलं, श्रीमंत वस्तीला आपण ‘पॉश एरिया’ म्हणतो, वर्तमानपत्रं ‘उच्चभ्रू’ लिहितात, समाजातल्या सधन लोकांना ‘क्रीमी लेयर’ म्हणतात. श्रीमंतांबद्दल बोलताना आपल्याला इंग्रजीचा आधार का लागतो? मराठीत शब्द नव्हते का? आणि हे इंग्रजी शब्द मुळात आले कुठून?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : श्रीमंत माणसासाठी मराठीत शब्दांची वाण कधीच नव्हती. सधन, धनिक, धनाढ्य, गब्बर, बडं प्रस्थ, बडी धेंडं असे किती तरी शब्द आहेत. पिढीजात पैसा असलेल्याला आपण गर्भश्रीमंत म्हणतो आणि कालपरवा पैसा हाती आलेल्याला नवश्रीमंत. मराठीत शब्द नव्हता तो श्रीमंतांच्या वस्तीला. तो का नव्हता हे पाहिलं, की तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर मिळतं.

आपली जुनी गावं पैशावरून वसलेली नव्हती, जातीवरून आणि धंद्यावरून वसलेली होती. ब्राह्मण आळी, सुतार आळी, कुंभारवाडा, माळीवाडा, मोमीनपुरा, आणि गावकुसाबाहेर महारवाडा, मांगवाडा. माणूस कुठे राहतो हे कळलं की त्याची जात कळायची, पैसा कळायचा नाही. एकाच आळीत सावकार असायचा आणि चार घरं सोडून वार लावून जेवणारा विद्यार्थीही असायचा. पुण्याच्या पेठांतल्या वाड्यात मालक दर्शनी भागात राहायचे आणि मागच्या चौकाभोवती दोन-दोन खणांत भाडेकऱ्यांची बिऱ्हाडं असायची. श्रीमंती दिसायची ती घरावर : माडी, दिंडी दरवाजा, चौसोपी वाडा, दारातली जनावरं. म्हणून ‘पाटलाचा वाडा’ किंवा ‘माडीवाले’ असे शब्द आपल्याकडे आहेत, पण ‘श्रीमंतांचा भाग’ या अर्थाचा मुरलेला शब्द नाही.

ही रचना चांगली होती असं मी मुळीच म्हणत नाही. उलट ती पैशाच्या भेदापेक्षा जास्त क्रूर होती. गावकुसाबाहेरच्या माणसाकडे उद्या पैसा आला तरी त्याला आपलं घर गावात आणता येत नव्हतं. पाणवठा बदलता येत नव्हता. तिथे पैशाची किंमतच चालत नव्हती, त्यामुळे पैशावरून वस्तीला नाव पडण्याचा प्रश्नच आला नाही.

पैशावरून आणि हुद्द्यावरून वस्ती वेगळी काढण्याची रीत आपल्याकडे प्रामुख्याने इंग्रजी अमलाबरोबर रुजली आणि येताना आपले शब्द घेऊन आली. पुण्यात लष्कर म्हणजे ‘कॅम्प’ झालं. नागपुरात ‘सिव्हिल लाइन्स’ झाली. यातला ‘लाइन’ हा शब्द लष्करी छावणीतल्या रांगांचा, आणि सैनिकांच्या रांगांपासून वेगळ्या असलेल्या मुलकी अधिकाऱ्यांच्या बंगल्यांच्या रांगा त्या सिव्हिल लाइन्स. मुंबईत किल्ल्याच्या उत्तरेकडच्या दाट वस्तीला इंग्रज ‘नेटिव्ह टाउन’ म्हणायचे. मलबार पॉइंटला गव्हर्नरचा बंगला झाला. त्या टेकडीवर युरोपीय साहेबांच्या मागोमाग पारशी, गुजराती शेठियांनीही बंगले बांधले. इथे पहिल्यांदा जातीपेक्षा पैसा पुढे आला. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने दादर-माटुंग्याकडे नव्या वस्त्या आखल्या. त्यांची नावं पाहा : हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी. ‘कॉलनी’ हा शब्द नवा, त्यामागची फाळणी मात्र अजून जुनीच, समाजावरची. पुढे सहकारी गृहनिर्माण संस्था आल्या आणि ‘सोसायटी’ हा शब्द मराठीत इतका मुरला, की आज ‘सोसायटीत राहतो’ या दोन शब्दांवरून माणसाची ऐपत साधारण कळते.

आता एकेका शब्दाकडे वळू.

‘पॉश’बद्दलची एक गोष्ट तुम्ही बहुधा ऐकली असेल, कारण ती मुंबईशी जोडलेली आहे. इंग्लंडहून मुंबईला येणाऱ्या पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर श्रीमंत उतारू जाताना डाव्या बाजूची आणि परतताना उजव्या बाजूची केबिन घ्यायचे. तांबडा समुद्र आणि अरबी समुद्र ओलांडताना त्या बाजूला ऊन कमी लागायचं. ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ या चार इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं जोडून ‘पॉश’ हा शब्द झाला आणि तो तिकिटावर शिक्क्याने उठवला जायचा, असं सांगतात. भूगोल म्हणून यात चूक नाही. कमी उन्हाची बाजू खरोखर तीच. पण असा शिक्का असलेलं एकही तिकीट आजवर कुणाला सापडलेलं नाही. पी अँड ओच्या कागदपत्रांतही त्याचा पुरावा नाही. ‘पॉश’ हा शब्द ‘झोकदार, ऐटबाज’ या अर्थाने १९१४ पासून छापील मजकुरात सापडतो आणि बोटीची ही गोष्ट छापून आली ती १९३५ मध्ये. शब्द आधी रूढ झाला, गोष्ट मागाहून रचली गेली.

मग शब्द कुठला? एकोणिसाव्या शतकात लंडनच्या चोर-भामट्यांच्या बोलीत ‘पॉश’ म्हणजे चिल्लर पैसा, अर्धा पेनी. त्याच शतकाच्या अखेरीला नटव्या, छानछोकी माणसालाही ‘पॉश’ म्हणू लागले. अर्ध्या पेनीचा हा शब्द रोमानी भाषेतून आला असावा असं अनेक कोशकार मानतात, कारण रोमानीत या शब्दाचा अर्थ ‘अर्धा’. रोमानी ही युरोपभर भटकणाऱ्या रोमा लोकांची भाषा, आणि हे लोक मुळात शेकडो वर्षांपूर्वी भारतातून बाहेर पडलेले. ही व्युत्पत्ती खरी असेल, तर ‘पॉश’चं भारताशी नातं आहे, पण ते बोटीच्या पहिल्या वर्गातून आलेलं नाही. ते इंग्लंडच्या रस्त्याकडेला पाल ठोकून राहणाऱ्या, पोलिसांनी हुसकलेल्या लोकांकडून आलेलं आहे. मला ही दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. ती नक्की सिद्ध झालेली नाही, हे ध्यानात ठेवूनच सांगावी. बोटीची गोष्ट मात्र आता सांगणं थांबवायला हवं.

‘उच्चभ्रू’ हा शब्द दिसायला संस्कृत आहे, पण तोही इंग्रजीच. ‘हायब्रो’ या इंग्रजी शब्दाचं हे शब्दशः रूप आहे : उच्च आणि भ्रू, म्हणजे भुवई. भुवई उंच म्हणजे कपाळ मोठं, आणि कपाळ मोठं म्हणजे बुद्धी जास्त, असा एकोणिसाव्या शतकातला समज होता. कवटीच्या आकारावरून माणसाची अक्कल आणि स्वभाव ओळखता येतो असं सांगणारं एक खूळ तेव्हा युरोप-अमेरिकेत शास्त्र म्हणून मिरवत होतं. गोऱ्यांखेरीज सगळे कमी अकलेचे, हे ‘सिद्ध’ करायलाही ते वापरलं गेलं. इंग्रजीत ‘हायब्रो’चा अर्थ अभिरुचीने आणि विद्वत्तेने वरचढ, म्हणजे अवघड कादंबऱ्या वाचणारा, शास्त्रीय संगीत ऐकणारा माणूस. त्याचा खिसा रिकामा असला तरी चालतो. मराठीत येताना भुवई तशीच राहिली आणि अर्थ बदलून पैशावर गेला. ‘उच्चभ्रू वस्तीत घरफोडी’ असा मथळा आपण वाचतो तेव्हा वार्ताहराला त्या वस्तीतली विद्वत्ता सांगायची नसते, फ्लॅटची किंमत सांगायची असते. शब्दाचा अर्थ बदलणं यात गुन्हा नाही, सगळ्याच भाषांत ते घडतं. माझा आक्षेप दुसराच आहे. ‘श्रीमंत’ म्हटलं की पैसा कळतो. ‘उच्चभ्रू’ म्हटलं की पैशाबरोबर उंचीही बहाल होते, आणि जिथे उच्च आहे तिथे कुणी तरी नीचही ठरतं.

इंग्रजीत खुद्द वस्त्यांसाठी जे शब्द आहेत, ते वारा, रूळ आणि टेकडी यांच्यावरून पडलेले आहेत, आणि त्यामागची कारणं जाणून घेण्यासारखी आहेत.

लंडनचं ‘वेस्ट एंड’ श्रीमंतांचं आणि ‘ईस्ट एंड’ गोदी कामगारांचं. याचं एक मोठं कारण वारा. इंग्लंडात वारा बहुतेक काळ पश्चिमेकडून वाहतो. दगडी कोळशावर चालणाऱ्या गिरण्यांचा धूर त्यामुळे पूर्वेकडे जायचा. ज्यांना परवडलं ते पश्चिमेला सरकले आणि पूर्वेला भाडं कमी म्हणून गरीब राहिले. स्टीफन हेब्लिख, अ‍ॅलेक्स ट्रू आणि यानोस झिलबर्बर्ग या अर्थशास्त्रज्ञांनी याचा मोठा अभ्यास करून तो २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी जुन्या नकाशांवरून इंग्लंडमधल्या ७० शहरांतली सुमारे ५,००० धुराडी शोधली, त्या काळचा धूर कुठे पसरला असेल याचं गणित मांडलं आणि ते १८८१ च्या जनगणनेशी ताडून पाहिलं. जिथे धूर, तिथे गरिबी, हे तेव्हाच ठरून गेलं होतं. कोळशाचा धूर आता गेला आहे, १९५६ साली शुद्ध हवेचा कायदाही झाला, तरी बऱ्याच ठिकाणी त्या वस्त्या अजून तुलनेने गरीबच आहेत. धुराडी पडली, पण त्यांनी पाडलेले भाग उरले.

अमेरिकेत हेच काम रेल्वेने केलं. गावाच्या मधून रूळ गेले, एका बाजूला दुकानं आणि चांगली घरं, दुसऱ्या बाजूला गुदामं, कारखाने आणि मजुरांच्या खोल्या. त्यावरून ‘रुळांच्या चुकीच्या बाजूचा’ हा शब्दप्रयोग विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत रूढ झाला. ज्या माणसाचा जन्मच तिकडे झाला, त्याची चूक ती काय? तरी शब्दाने ती त्याच्या माथी मारली. दक्षिणेकडच्या अनेक गावांत तर हे रूळ गोऱ्या आणि काळ्या वस्त्यांमधली सीमाच होते.

मुंबईकराला हे वेगळं समजावून सांगायला नको. आपल्याकडे स्टेशनाची ‘पूर्व’ आणि ‘पश्चिम’ या साध्या दिशा राहिलेल्याच नाहीत. पश्चिम रेल्वेवर वांद्रे, खार, सांताक्रूझ इथे पश्चिम म्हणजे समुद्राकडची बाजू, जास्त भावाची. विलेपार्ले पूर्वेसारखे अपवाद आहेत, आणि वांद्रे-कुर्ला संकुल आल्यापासून वांद्रे पूर्वेचं गणितही बदललं. तरी लग्नाच्या बोलण्यात ‘पूर्व की पश्चिम?’ असं विचारलं जातं तेव्हा विचारणाऱ्याला पत्ता हवा असतो असं नाही. परळ, लालबागच्या गिरण्यांची धुराडी शहराच्या मध्यावर होती, मलबार हिल समुद्राकडे, वाऱ्याच्या वरच्या अंगाला. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, त्यांच्या जमिनींवर मनोरे आले, आणि त्याच लोअर परळला घरांच्या जाहिरातींत ‘अपर वरळी’ म्हणू लागले. ‘लोअर’ हा शब्द गिऱ्हाइकाला खुपेल, म्हणून नाव बदललं. ज्यांनी तिथे पिढ्यान्‌पिढ्या कापूस पिंजला, सूत कातलं, त्या लोकांचा गिरणगाव हा शब्द कुठल्याही माहितीपत्रकात नसतो. याचं मला मनापासून दुःख आहे.

टेकडीची गोष्ट सॅन फ्रान्सिस्कोची. तिथल्या एका उंच टेकडीवर आधी श्रीमंत जात नव्हते, कारण चढ फार खडा, घोडागाड्यांचे हाल व्हायचे. १८७३ मध्ये तारेने ओढली जाणारी ट्राम त्या शहरात सुरू झाली आणि चढणं सोपं झालं. मग लेलँड स्टॅनफर्ड, मार्क हॉपकिन्स आणि चार्ल्स क्रॉकर या रेल्वेसम्राटांनी तिथे महाल बांधले, आणि टेकडीचं नाव पडलं ‘नॉब हिल’. ‘नॉब’ हा ‘नेबॉब’चा तुकडा असं तिथे सर्रास सांगतात. कोशकार ‘नॉब’ची दुसरीही व्युत्पत्ती देतात, पण ‘नेबॉब’बद्दल मात्र शंका नाही. तो आपला नबाब. ईस्ट इंडिया कंपनीचे नोकर बंगालमधून अफाट लूट घेऊन इंग्लंडला परतले, तिथे जमिनी आणि पार्लमेंटच्या जागा विकत घेऊ लागले, तेव्हा तिथल्या लोकांनी चिडून त्यांना ‘नेबॉब’ म्हटलं. सॅम्युअल फूटने १७७२ मध्ये त्याच नावाचं नाटक लिहिलं. म्हणजे श्रीमंतांसाठीचा एक इंग्रजी शब्द आपल्या देशातल्या लुटीतूनच घडला.

त्या टेकडीवर क्रॉकरला आपल्या महालाचा सगळा चौक हवा होता. निकोलस युंग नावाच्या शवपेट्यांच्या व्यावसायिकाने आपलं छोटं घर विकायला नकार दिला. क्रॉकरने त्याच्या घराला तीन बाजूंनी सुमारे ४० फूट उंचीचं कुंपण घातलं, म्हणजे घरात ऊनच येऊ नये. १८७७ मध्ये बेकार कामगारांचा जमाव डेनिस कर्नी या पुढाऱ्याबरोबर त्या टेकडीवर चालून गेला, तेव्हा या कुंपणाचाही राग लोकांच्या मनात होता. दुर्दैव असं, की त्याच चळवळीने चिनी मजुरांविरुद्धही गरळ ओकली. १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगीत ते लाकडी महाल जळून गेले.

आता तुमच्या दाखल्याकडे येऊ. बाकीचे शब्द बोलण्यातले आहेत, ‘क्रीमी लेयर’ हा एकच असा, की ज्यावर तुमच्या मुलीचा प्रवेश अवलंबून आहे.

समाजातल्या निवडक लोकांना साय म्हणण्याची चाल इंग्रजीत आहे. त्याच जातीचा दुसरा शब्द ‘अपर क्रस्ट’, पावाचा वरचा पापुद्रा. जुन्या काळी पावाचा तळ करपायचा आणि वरचा भाग मालकाला वाढायचे, ही त्यामागची गोष्ट इंटरनेटवर खूप फिरते, पण तिला आधार नाही. आपल्याकडे सायीचा अर्थ वेगळ्याच दिशेने गेला. दुधावरची साय म्हणजे नातवंडं, जपायची माया. मलई मात्र पैशाकडे गेली : ‘मलईदार खातं’ कुठलं, हे मंत्रिमंडळ विस्ताराच्या वेळी शाळकरी मुलांनाही कळतं.

आरक्षणाच्या चर्चेत सायीचा थर आणला तो न्या. व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी, १९७५ च्या ‘केरळ सरकार विरुद्ध एन. एम. थॉमस’ या खटल्याच्या निकालपत्रात. मागासांसाठीचे लाभ त्यांच्यातला वरचा थर आधी उचलून नेतो आणि सगळ्यात दुबळे तसेच राहतात, ही त्यांची चिंता होती. पुढे मंडल आयोगाच्या शिफारशीनुसार इतर मागासवर्गीयांना केंद्रीय नोकऱ्यांत २७ टक्के आरक्षण देण्याचा निर्णय १९९० मध्ये झाला. त्याला आव्हान दिलं गेलं आणि १६ नोव्हेंबर १९९२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी ‘इंद्रा साहनी’ खटल्याचा निकाल दिला. आरक्षण वैध ठरलं, पण क्रीमी लेयर वगळण्याच्या अटीवर. न्या. जीवन रेड्डी यांनी मुख्य निकालपत्र लिहिलं. आपले न्या. पी. बी. सावंत त्या खंडपीठात होते आणि त्यांनी सहमतीचं स्वतंत्र निकालपत्र दिलं. न्या. रत्नवेल पांडियन यांना मात्र हा थर वगळणं मान्य नव्हतं.

हा थर ओळखायचा कसा, हे ठरवायला न्या. राम नंदन प्रसाद यांची समिती नेमली गेली, आणि ८ सप्टेंबर १९९३ च्या केंद्राच्या आदेशात नियम आले. लोकांचा इथेच सगळ्यात मोठा गैरसमज होतो. क्रीमी म्हटल्यावर सगळ्यांना उत्पन्नाचा आकडा आठवतो : तेव्हा वर्षाला १ लाख रुपये, पुढे वाढत वाढत २०१७ पासून ८ लाख. पण नियमांत आकडा शेवटी येतो. आधी येतं पद. आई किंवा वडील थेट भरतीने वर्ग एकचे सरकारी अधिकारी झाले असतील, तर उत्पन्न न पाहताच मुलं क्रीमी लेयरमध्ये. दोघंही वर्ग दोनचे असतील, तरी तेच. उलट दोघंही वर्ग तीनचे कर्मचारी असतील आणि दोघांचा पगार मिळून ८ लाखांच्या वर गेला, तरी निव्वळ त्या पगारामुळे मुलगी क्रीमी लेयरमध्ये जात नाही. उत्पन्नाच्या कसोटीत पगार आणि शेतीचं उत्पन्न धरायचं नाही, असं त्या आदेशातच म्हटलं आहे. इतर उत्पन्न सलग तीन वर्षं मर्यादेच्या वर असावं लागतं. खाजगी कंपन्या आणि सार्वजनिक उपक्रमांतल्या पदांची सरकारी पदांशी बरोबरी कशी लावायची, यावरून मात्र वाद झाले आणि ते न्यायालयांपर्यंत गेले.

शेतकऱ्यांच्या बाबतीत पाहायचं असतं ते शेतीचं उत्पन्न नव्हे, जमीन. तीही ओलिताची. कुटुंबाकडे सीलिंग कायद्याच्या मर्यादेच्या ८५ टक्के किंवा जास्त ओलिताची जमीन असेल, तर ते क्रीमी लेयर. महाराष्ट्रात बारमाही ओलिताला सीलिंग १८ एकरांचं आहे. जमीन सगळी कोरडवाहू असेल, तर हा निकष लागूच होत नाही. आंबा आणि संत्र्या-मोसंब्यांच्या बागा शेतजमीनच धरल्या जातात, म्हणजे कोकणातल्या आणि नागपूर-अमरावतीकडच्या बागायतदारांनाही जमिनीचाच निकष. चहा-कॉफीच्या मळ्यांना तेवढा उत्पन्नाचा. आणि पाहायची ती आईवडिलांची स्थिती. मुलीची स्वतःची कमाई किंवा तिच्या नवऱ्याची कमाई यात येत नाही. महाराष्ट्रात ही अट विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गालाही लागू आहे.

या सगळ्या निकषांतून दिसतं ते असं, की न्यायालयाला निव्वळ श्रीमंती मोजायची नव्हती. ज्या घराला समाजात मान, अधिकार आणि पुढच्या पिढीला उभं करण्याची ताकद मिळाली, ते घर आता मागास राहिलं नाही, हे मोजायचं होतं. पैसा ही त्याची एक खूण. ‘क्रीमी’ या शब्दाने लोकांच्या मनात नेमकी उलटी प्रतिमा उभी केली : लोण्यात बोटं असलेला धनिक. आपल्या राज्याच्या कायद्यात आणि दाखल्यावर यासाठी ‘उन्नत व प्रगत’ असे शब्द आहेत. इंग्रजीपेक्षा ते कितीतरी नेमके आहेत, कारण ते पैशाबद्दल नाही, वर येण्याबद्दल बोलतात. तरी ते कुणी उच्चारत नाही. सरकारी मराठीला आपण हसतो, पण इथे तिने मूळ निकालाचा अर्थ मूळ इंग्रजी शब्दापेक्षा चांगला पकडला आहे, हे मान्य करायला हवं.

अनुसूचित जाती-जमातींना मात्र हा शब्द आज लागू नाही. १ ऑगस्ट २०२४ च्या सात न्यायाधीशांच्या निकालात, उपवर्गीकरणाला मान्यता देताना, चौघांनी त्यांच्यातही हा थर ओळखावा असं मत मांडलं. त्यांत अमरावतीचे न्या. भूषण गवई होते. केंद्रीय मंत्रिमंडळाने ९ ऑगस्टला सांगितलं, की राज्यघटनेत अशी तरतूद नाही. पैसा आला तरी अस्पृश्यतेची वागणूक सुटत नाही, हा त्यावरचा आक्षेप मला गंभीर वाटतो. भाड्याने घर शोधणाऱ्या अनेक दलित अधिकाऱ्यांना हे अनुभवाने ठाऊक आहे.

तेव्हा कुठला शब्द ठेवायचा आणि कुठला सोडायचा? ‘पॉश’ बोलण्यात राहू द्या, तो मराठीत घर करून बसला आहे आणि त्याने कुणाचं वाईट होत नाही. ‘उच्चभ्रू’ बातम्यांतून जायला हवा. वस्ती श्रीमंत असेल तर श्रीमंत लिहा, नाही तर नुसतं नाव लिहा. ‘क्रीमी लेयर’ टाळता येणार नाही, न्यायालयाची भाषा तीच आहे. पण महसूल विभागाला माझी विनंती आहे : प्रत्येक सेतू केंद्राच्या भिंतीवर आणि अर्जाच्या पहिल्या पानावर ‘उन्नत व प्रगत’ कोण, हे साध्या मराठीत, मोठ्या अक्षरांत छापा. कोणतं उत्पन्न धरतात, कोणतं धरत नाहीत, जमीन किती, पद कोणतं. तोवर वाचकहो, तुमच्या रांगेत कुणी अर्थ विचारला तर हा अंक त्यांच्या हातात द्या.